‘झिंगाट’ आणि नंतरची शांतता

‘पिढी’ आपण वयावरून मोजतो. मला वाटते, ती चित्रपटावरूनही मोजता येईल. माझ्या आजीची पिढी ‘माहेरची साडी’ची. विजय कोंडके यांचा हा चित्रपट १९९१ साली आला. आजीने तो जत्रेत, तंबूतल्या पडद्यावर पाहिला. अलका कुबल यांची सोसणारी लक्ष्मी पाहून बायका पदराने डोळे पुसतच बाहेर पडल्या, असे ती अजून सांगते.

आमची पिढी ‘सैराट’ची. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा मी दहा वर्षांची होते. महाबळेश्वरच्या आमच्या भागात स्ट्रॉबेरीचा हंगाम सरत आला होता. गावची मंडळी टेम्पो करून, केळघर घाट उतरून साताऱ्याला चित्रपट पाहून आली. शंभर कोटींहून अधिक कमाई करणारा हा पहिला मराठी चित्रपट; त्या कोटींत आमच्या टेम्पोचेही चार पैसे आहेत!

एवढे वेड कशाचे? एक तर आर्चीचे. पाटलाची ही मुलगी सोसत नाही. बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, आपणहून बोलते. ती भूमिका करणारी रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी मुलगी होती आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला होता. मुलांनी परश्यासारखे केस ठेवले; आम्ही मुली उभ्या ट्रॅक्टरवर चढून बसू लागलो.

दुसरे कारण संगीत. अजय-अतुल यांनी ‘झिंगाट’मध्ये वरातीचा ठेका धरला, तर काही संगीतासाठी थेट लॉस एंजेलिसचा वाद्यवृंद घेतला. विहिरीत उडी मारणाऱ्या गरीब पोराच्या प्रेमामागे एवढी व्हायोलिने!

पण वाचकहो, एक गोष्ट ध्यानात घ्या. चारही गाणी पूर्वार्धात आहेत. दोघे पळून परमुलखात जातात आणि गाणी थांबतात. शेवटी घरच्यांच्याच हातून दोघांचा जातीपायी खून होतो, तेव्हा पडद्यावर आवाजच उरत नाही. लहान मूल रक्ताची पावले उमटवत चालत जाते. दिग्दर्शकाला सांगायचे होते ते मला या शांततेत दिसते.

आम्ही मात्र गाणी घेतली आणि शांतता तिथेच ठेवली. वरातीत ‘झिंगाट’, गणपतीत ‘झिंगाट’, वेण्णा तलावावर पर्यटकांच्या गाड्यांतही तेच. २०१८ च्या हिंदी ‘धडक’मध्येही ते गाणे गेले.

घरोघरी शेवटाचा अर्थही निराळाच लागला. खून करणाऱ्यांची चर्चा कमी. ‘पोरगी कॉलेजात गेली म्हणून हे झाले’ ही जास्त. आमच्या आळीतल्या एका ताईचे नाव त्याच जूनमध्ये अकरावीला घालायचे होते. ते घातले नाही. अठरा पूर्ण होताच तिचे लग्न झाले. वरातीत बँडवाल्याने ‘झिंगाट’ दोनदा वाजवले आणि तिचे वडील, चुलते सगळे त्यावर नाचले.

माझे नाव घालताना आमच्या घरीही हाच विषय निघाला होता. आजी म्हणाली, “रडायचे ते आम्ही रडलो, हिला जाऊ दे.” वडील गप्प राहिले आणि दुसऱ्या दिवशी फॉर्मवर सही करून दिली.

ताई दिवाळीला माहेरी येते. टीव्हीवर ‘सैराट’ लागला की चौथे गाणे होईपर्यंत बसते, मग मुलीला उचलून आत जाते.