जुन्या साडीची गोधडी शिवताय? आधी कात्री बाजूला ठेवा

आजीची सुती साडी एकदा कापली की कापलीच. गोधडीसाठी ती कापायची गरजही नसते! पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे 18 फूट लांब. तिच्या तीन घड्या घातल्या की 6 फुटांचे तीन थर तयार, तेही एकही जोड न देता. पन्हा पावणेचार फूट, एकाला पुरतो. (उंच माणसाचे पाय उघडे राहतील, हे खरं.) विरलेला भाग मधल्या थरात जाईल अशी घडी घाला. कडा लवकर झिजतात, तिथे दुसऱ्या साडीचे घट्ट काठ लावा. शिंप्याकडच्या चिंध्या ठिगळांना उत्तम. मात्र त्या सुती हव्यात आणि आधी धुतलेल्या. कोरं सुती कापड पहिल्याच धुण्यात आटतं, धावदोरा ओढला जातो आणि गोधडीला चुण्या पडतात.