आधी एमआरआय, मग पेट

लहान मुलाचा कॅन्सर मेंदूत पसरला आहे का, हे ठरवायला नेहमीचा पेट स्कॅन पुरेसा नाही. त्यात किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेली साखर टोचतात. पण निरोगी मेंदूच साखर भरपूर खातो, त्यामुळे सगळा मेंदू उजळतो आणि बारीक गाठ त्यात हरवते. न्यूरोब्लास्टोमा या कॅन्सरात चित्र पालटते. त्याच्या स्कॅनसाठीचे एमआयबीजी हे आयोडीनयुक्त द्रव्य निरोगी मेंदू जवळजवळ घेत नाही, म्हणून डोक्यातला ठिपका उठून दिसतो. तरी तो मेंदूतला की कवटीच्या हाडातला (या आजारात बहुधा हाडातलाच), याचा निवाडा एमआरआयच करतो.

मग पेटचा खर्च कशाला? मेंदूचा एमआरआय मेंदूपुरताच बोलतो. हाडे, मज्जा, लसीकाग्रंथी एकाच फेरीत पाहायला आणि उपचारानंतर उरलेली गाठ जिवंत आहे का, याचा अंदाज घ्यायला पेटसारखे अणुवैद्यकच लागते. किरणांची धास्ती रास्त आहे, पण मात्रा मुलाच्या वजनानुसार बेततात. आणि किरणविरहित एमआरआयसाठीही लहानग्यांना अनेकदा भूल द्यावी लागते. मोठ्या शहरापासून दूरच्या धामणगाव बढेसारख्या गावाची अडचण वेगळी. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते, त्यामुळे ते साठवून गावोगाव पाठवता येत नाही; मुलालाच मोठ्या शहरात न्यावे लागते. फ्लोरिन-१८ बनवणारा देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये आला तोही मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये. म्हणून कॅन्सरग्रस्त मुलाला सततची डोकेदुखी, पहाटेच्या उलट्या, झटके किंवा नवा तिरळेपणा असेल, तर पेटच्या तारखेसाठी एमआरआय अडवून ठेवू नये.