कोळसा विकणारी कोल इंडिया सौरऊर्जेकडे का वळतेय? आणि मोझांबिकमध्ये काय घडलं होतं?

देशात निघणाऱ्या कोळशापैकी जवळपास तीन-चतुर्थांश कोळसा एकटी कोल इंडिया काढते. २०२३-२४ मध्ये हा आकडा ७७ कोटी टनांच्या पुढे गेला. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूरमधल्या खाणी चालवणारी 'वेकोलि' ही तिचीच उपकंपनी.

मग परदेशात जायची गरज काय?

भारतीय कोळशात राख जास्त असते. पोलाद बनवायला लागणारा कोकिंग कोळसा तर आपल्याकडे पुरेसा नाहीच. त्यामुळे एवढं उत्पादन असूनही देश दरवर्षी २० कोटी टनांहून जास्त कोळसा आयात करतो.

म्हणून २००९ मध्ये कोल इंडियाने मोझांबिकच्या तेते प्रांतात दोन ब्लॉकचे शोध परवाने मिळवले आणि तिथे वेगळी कंपनीही काढली. पण परवडेल असा कोळसा काही हाती लागला नाही.

तेतेमध्ये फसलेली ती एकटी नव्हती. रिओ टिंटोने २०११ मध्ये तिथल्या खाणींसाठी जवळपास ४ अब्ज डॉलर मोजले. कोळसा झांबेझी नदीतून बार्जने समुद्रापर्यंत न्यायचा बेत होता, पण सरकारने परवानगी दिली नाही आणि रेल्वेची क्षमता अपुरी होती. २०१४ मध्ये हाच व्यवसाय अवघ्या ५ कोटी डॉलरला विकला गेला. घेणारी होती आयसीव्हीएल, म्हणजे भारतीय सरकारी कंपन्यांचाच गट! जमिनीखाली कोळसा असून भागत नाही, तो बंदरापर्यंत पोहोचावा लागतो.

सौरऊर्जेचं गणित

आता सौरऊर्जा, कोळशापासून वायू आणि ग्रॅफाइटसारखी खनिजं अशा तीन वाटा कंपनीने धरल्यात. सौरऊर्जेसाठी २०२१ मध्ये दोन उपकंपन्या निघाल्या. लक्ष्य होतं २०२३-२४ पर्यंत ३,००० मेगावॅट. ते त्या मुदतीत गाठता आलं नाही.

समजा, गाठलं. एवढ्या प्रकल्पातून वर्षाला साधारण ५०० कोटी युनिट वीज मिळेल. तेवढ्या विजेसाठी औष्णिक केंद्रात अंदाजे ३५ लाख टन कोळसा जळतो. कोल इंडिया तेवढा कोळसा दोन दिवसांत काढते. म्हणजे 'कोळसा कंपनी हरित झाली' असं म्हणायला अजून बराच वेळ आहे.

विदर्भाचा प्रश्न

कंपनीच्या पुनर्वसन धोरणात दोन एकर जमिनीमागे एक नोकरी अशी तरतूद आहे. वेकोलिच्या पट्ट्यातल्या अनेक घरांचा संसार अशाच नोकरीवर उभा आहे. सौर प्रकल्प उभारताना माणसं लागतात, पण एकदा सुरू झाला की पॅनल धुणारे, तंत्रज्ञ आणि पहारेकरी एवढ्यांवर भागतं. बंद पडलेल्या खाणीच्या जागेवर पॅनल बसले, तर वीज तिथेच तयार होईल. पण वडिलांना खाणीत मिळाली तशी नोकरी मुलाला तिथे मिळणं अवघड आहे.