लेकीच्या डिप्लोमाला गटाचा हात

मैत्रिणींनो, दहावीनंतर तीन वर्षांचा इंजिनिअरिंग डिप्लोमा करता येतो. पुढं डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. कोल्हापूरचं शासकीय तंत्रनिकेतन गडमुडशिंगीहून रोज ये-जा करण्यासारखं आहे.

मुलींसाठी केंद्राची 'प्रगती' शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५०,००० रुपये. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. एका घरातल्या दोन मुलींपर्यंत मिळते, निवड गुणांवर होते. अर्ज पहिल्याच वर्षी ऑनलाइन भरायचा.

पण हे पैसे प्रवेशानंतर येतात. पुस्तकं, ड्रॉइंगचं साहित्य, बसचा पास पहिल्याच महिन्यात लागतो. तिथं गटाचं अंतर्गत कर्ज कामाला येतं.

एका बैठकीत एक ताई म्हणाल्या, "पोरगी रडतीया, इंग्रजीतलं कायच कळंना म्हणती. काढून घेऊ का?" ताई, काढू नका. मराठी शाळेतून गेलेल्या पोरींना सुरुवात जडच जाते. गटातल्या कुणाची लेक वरच्या वर्षाला असेल, तर दोघींना रविवारी एकत्र बसवा. त्या दिवशी घरकाम सांगू नका.

निकालाआधी तीन कामं उरका: उत्पन्नाचा दाखला, लेकीच्या नावचं आधार जोडलेलं बँक खातं आणि गटात कर्जाचा ठराव.