मुलाचा ताबा चौकीत ठरत नाही

वेगळे राहणारे नवरा-बायको. मूल रविवारी संध्याकाळी ठरल्या वेळी परत आलं नाही, की पहिला फोन बहुतेकदा वकिलाला जात नाही, पोलिसांना जातो. तक्रारीत 'पोचवायला उशीर केला' असं लिहीत नाहीत, 'पळवून नेलं' असं लिहितात. तसं लिहिल्याशिवाय कुणी हलत नाही, अशी सर्वांची समजूत असते. मग रात्री दारात पोलीस, झोपेतून उठवलेलं मूल, रडणारी आजी आणि जिन्यात जमलेले शेजारी. अशा वेळी मूल कोणाच्या हाती जाईल हे तिथे हजर असलेल्या फौजदाराच्या मतावर ठरतं. कायद्याने हा अधिकार त्याला दिलेलाच नाही. या बाबतीत घट्ट बसलेले काही गैरसमज इथे तपासायचे आहेत, कारण त्यांची सगळ्यात मोठी किंमत मूल मोजतं.

'एका पालकाने मूल नेलं, म्हणजे अपहरण झालं'

भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ नुसार (जुन्या दंडसंहितेत ३६१ आणि ३६३) कायदेशीर पालकाच्या ताब्यातून, त्याच्या संमतीविना, अज्ञान मुलाला नेणं हा सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. पण नेणारा स्वतःच कायदेशीर पालक असेल तर? हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. वडिलांनी तीन वर्षांच्या मुलाला आईकडून नेलं आणि अमरावतीत त्यांच्यावर अपहरणाचा गुन्हा नोंदवला गेला. न्यायालयाने तो रद्द केला. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे वडीलही नैसर्गिक पालक आहेत. आईला ताबा देणारा सक्षम न्यायालयाचा आदेश नसताना त्यांनी मूल नेलं, तर ते अपहरण होत नाही, असं खंडपीठाने सांगितलं.

या निकालाचा अर्थ 'बापाने कधीही मूल उचलून न्यावं' असा मात्र कोणी काढू नये. न्यायालयाने आईकडे ताबा दिलेला असेल तर चित्र बदलतं. नेताना मारहाण केली, कोंडून ठेवलं, धमकावलं, तर ते स्वतंत्र गुन्हे आहेत. शिवाय लहान मुलाला एका घरातून अचानक तोडून नेलं, ही गोष्ट पुढे ताब्याच्या सुनावणीत त्या पालकाच्या विरुद्ध जाऊ शकते.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तर फारच सावध राहावं. अमेरिकेत दुसऱ्या पालकाचा हक्क डावलून मूल देशाबाहेर नेणं हा १९९३च्या कायद्याने संघराज्याच्या पातळीवरचा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ब्रिटनमध्ये १९८४पासून तसा कायदा आहे. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबाबतच्या १९८०च्या हेग करारात भारत सामील नाही. त्यामुळे पुण्याला 'सुट्टीसाठी' आणलेलं मूल परत न पाठवणारा पालक इथे आरोपी नसतो, पण तिकडे त्याच्यावर वॉरंट निघालेलं असू शकतं.

'तक्रार दिली की एफआयआर घ्यावीच लागते'

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३च्या ललिता कुमारी निकालात ठणकावून सांगितलं. ते प्रकरण एका बेपत्ता अल्पवयीन मुलीचं होतं. पोलिसांनी तक्रारच घेतली नव्हती. त्याच वर्षी हरवलेल्या प्रत्येक मुलाच्या तक्रारीवर एफआयआर नोंदवण्याचाही आदेश झाला. त्यामुळे 'मूल सापडत नाही' असं ऐकल्यावर ठाणे अंमलदार धास्तावतो, हे समजण्यासारखं आहे. मूल खरोखर हरवलं असताना चौकशीत घालवलेला एक तासही महाग पडतो.

पण त्याच ललिता कुमारी निकालात आधी प्राथमिक चौकशी करता येईल अशा प्रकरणांची यादी दिली आहे आणि तिच्यात पहिलाच उल्लेख वैवाहिक व कौटुंबिक वादांचा आहे. निकालातला हा भाग बहुतेकांना माहीत नसतो. मूल वडिलांच्या घरी आहे, पत्ता ठाऊक आहे, सकाळी फोनवर बोलणंही झालं आहे, असं तक्रारदारच सांगत असेल तर ते मूल हरवलेलं नाही. तिथे दोन फोन करून, दोन्ही बाजू ऐकून, न्यायालयाचा आदेश आहे का एवढं विचारणं हे पोलिसांचं पहिलं काम आहे.

'पोलीस मूल घेऊन दुसऱ्याच्या हवाली करू शकतात'

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. बेकायदा कोंडून ठेवलेल्या व्यक्तीचा शोध घेण्याचं वॉरंट न्यायदंडाधिकारी काढू शकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्यासाठी कलम १०० आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते ९७ होतं. वकील मंडळी हे कलम ताब्याच्या भांडणात सर्रास वापरायला बघतात. पण वडिलांकडे राहणारं मूल हे सकृतदर्शनी या कलमात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच, रमेश विरुद्ध लक्ष्मीबाई या प्रकरणात, म्हटलेलं आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या वॉरंटचीच ही स्थिती असेल, तर चौकीतल्या तोंडी हुकमाला काय आधार उरतो?

ताबा ठरवण्याची जागा कौटुंबिक न्यायालय आहे. जिथे ते नाही तिथे जिल्हा न्यायालय. १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली तिथे अर्ज होतो आणि कलम १२ नुसार अंतरिम आदेश लवकर मागता येतो. मुलाला खरोखर बेकायदा अडकवून ठेवलं असेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस आहे. तिथेही प्रश्न एकच विचारला जातो: मुलाचं हित कशात? २०२०च्या यशिता साहू निकालात सर्वोच्च न्यायालयाने आई आणि वडील दोघांचंही प्रेम मिळणं हा मुलाचा हक्क मानला. भेट शक्य नसेल तर व्हिडिओ कॉलवर संपर्क राहावा, असंही सांगितलं.

आणि तो चौकीत लिहून घेतलेला कागद? 'मी मूल पत्नीच्या ताब्यात देत आहे, यापुढे तक्रार करणार नाही', खाली सही, दोन साक्षीदार. हा न्यायालयाचा आदेश नाही. बाहेर कोठडी दिसत असताना केलेल्या सहीला संमती म्हणणंच कठीण आहे. खरी संमती असली, तरी मुलाच्या हिताविरुद्ध जाणारा करार न्यायालयावर बंधनकारक नसतो.

न्यायालयाचा आदेश असूनही समोरचा पाळत नसेल, तर आधी त्याच न्यायालयात अंमलबजावणीचा अर्ज करावा. न्यायालय पोलीस मदत देऊ शकतं आणि मग पोलीस येतात ते आदेश हातात घेऊन. तेव्हाही बाल न्याय कायद्याखालचे २०१६चे आदर्श नियम विसरू नयेत: मुलांशी बोलणारा पोलीस साध्या कपड्यांत असावा. गणवेश, काठी आणि चढलेला आवाज यांच्या सोबतीने आईकडे किंवा बाबाकडे पोचवलेलं मूल ती भीती मनात घेऊनच त्या घरात राहतं.

'पाच वर्षांखालचं मूल आईचंच'

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात अशा मुलाचा ताबा 'साधारणतः' आईकडे, असा शब्द आहे. तो मार्गदर्शक आहे, अंतिम नाही, आणि त्याचा अर्थ न्यायाधीशाने लावायचा आहे. 'वडीलच पालक' ही उलटी समजूतही १९९९च्या गीता हरिहरन निकालाने मोडीत काढली आहे.

'४९८अ लागलं की अटक ठरलेली'

२०१४च्या अर्नेश कुमार निकालानंतर हे खरं नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का आवश्यक आहे याची कारणं पोलिसांनी लेखी नोंदवली पाहिजेत. अटक गरजेची नसेल तर नोटीस देऊन चौकशीला बोलवायचं. छळाचं हे कलम (जुनं ४९८अ, आता ८५) यात येतं आणि वर सांगितलेलं अपहरणाचं कलम १३७सुद्धा. हे न पाळणाऱ्या अधिकाऱ्यावर खातेनिहाय कारवाई आणि न्यायालयाचा अवमान, असे दोन्ही परिणाम निकालातच लिहिलेले आहेत. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं पुरेसं नाही, असंही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल, तर स्त्रियांना आणि साठीपुढच्या वृद्धांना ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं असतं. तरीही म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांना दिवसभर बाकावर बसवून ठेवल्याच्या तक्रारी थांबत नाहीत.

'घरगुती भांडण आहे, पोलिसांनी पडूच नये'

वर लिहिलेलं सगळं वाचून कोणी या टोकाला जाणार असेल, तर मला ते मुळीच मान्य नाही. 'नवरा-बायकोचं आहे, घरी मिटवा' हे वाक्य ऐकून कित्येक बायका मार खायला परत गेल्या आहेत. मारहाण, लैंगिक अत्याचार, जिवाची धमकी, मुलाला इजा यांत पोलिसांनी तत्काळ हालचाल केलीच पाहिजे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती मिळाली तर पॉक्सोखाली ती कळवणं प्रत्येकाचं कर्तव्य आहे. 'ताब्यासाठी रचलेलं असेल' म्हणून ती तक्रार बाजूला सारणं हाही अधिकाराचा गैरवापरच आहे. मात्र ताब्यासाठी मुलाला पढवून असा खोटा आरोप करायला लावणारा पालक त्या मुलावरच अत्याचार करत असतो, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हणायला हवं.

२००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात पीडित स्त्रीला संरक्षण आदेश मिळतो आणि कलम २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबाही. तो देतात न्यायदंडाधिकारी. संरक्षण आदेश मोडला, की तिथून पुढे फौजदारी गुन्हा सुरू होतो आणि पोलिसांचं काम येतं. मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात, पण प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांच्या हाती, हे त्याचं वैशिष्ट्य. दोन्ही पालकांना बसवून बोलण्याची जागा ती आहे, लॉकअपसमोरचं टेबल नव्हे.

तेव्हा वाचकहो, जिवाला धोका असेल तर ११२ वर आणि मुलाच्या मदतीसाठी १०९८ वर लगेच फोन करा. पण मूल कोणाकडे राहणार एवढाच वाद असेल, तर 'पळवून नेलं' हे शब्द तक्रारीत लिहू नका, चौकीतल्या कागदावर सही करू नका आणि कौटुंबिक न्यायालयात अंतरिम ताब्याचा व भेटीचा अर्ज आधी दाखल करा.