कांद्याचा फटका नेमका कोणाला?

राजूरच्या डोंगरपट्ट्यात भात पिकतो. प्रवरेच्या काठाने खाली अकोले, संगमनेरकडे उतरले की कांद्याची वावरे लागतात. महाराष्ट्राच्या कांद्याला ढाक्यात गिऱ्हाईक आहे, कोलंबोत आणि मालेतही आहे. त्यामुळे शेजारी देशाशी बिनसले की पारावर एक सल्ला हमखास निघतो, ‘कांदा बंद करा, येतील वठणीवर!’

गैरसमज : निर्यातबंदी शेजाऱ्याला धडा शिकवण्यासाठी असते.

वस्तुस्थिती : २०१९, २०२० आणि २०२३ मधल्या तिन्ही बंद्या देशातले भाव चढले म्हणून आल्या. २०१९ मध्ये तर दिल्ली-ढाका संबंध उत्तम होते. तरी बंदी आली आणि ऑक्टोबरमध्ये दिल्लीत आलेल्या बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी हिंदीतून कोपरखळी मारली, की स्वयंपाक्याला बिनकांद्याचे जेवण करायला सांगितले आहे. बंदीची आधी कल्पना दिली असती तर बरे झाले असते, असेही त्या म्हणाल्या.

याच्या उलट मालदीव. तिथल्या सरकारने भारतीय सैनिकांना परत जायला सांगितले होते. तरीही एप्रिल २०२४ मध्ये, बंदी चालू असताना, भारताने त्या देशासाठी ३५,७४९ टन कांदा मंजूर केला.

गैरसमज : भारताचा कांदा नसेल तर बांगलादेशाचे पानही हलत नाही.

वस्तुस्थिती : बांगलादेश स्वतः वर्षाला ३० लाख टनांहून जास्त कांदा पिकवतो. साठवणुकीत बराच माल सडतो, म्हणून तूट येते. २०१९ मध्ये तिथे किलोला अडीचशे टका भाव गेला, तेव्हा इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तानातून माल आला. काही तर विमानाने. त्या देशाच्या हातातही दोर आहेत. मार्च २०२३ मध्ये आपल्या शेतकऱ्यांसाठी त्याने आयात परवाने थांबवले, ते जूनमध्ये पुन्हा सुरू केले.

गैरसमज : बंदीचा तोटा पलीकडच्यांनाच होतो.

वस्तुस्थिती : १४ सप्टेंबर २०२० रोजी अचानक बंदी आली आणि सीमेवर अडकलेल्या ट्रकांमध्ये कांदा सडला. ढाक्याने लेखी नाराजी कळवली, मग २५,००० टन सोडण्यात आले.

८ डिसेंबर २०२३ च्या बंदीने तर ऐन लाल कांद्याच्या हंगामात घाव घातला. उन्हाळी कांदा चाळीत चार-सहा महिने तग धरतो. लाल कांद्यात पाणी जास्त, पापुद्रे पातळ. तो काढला की विकावाच लागतो. शेतकऱ्याला थांबायची सोय नव्हती. लासलगावचा भाव महिनाभरात निम्म्याहून खाली आला.

बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, पण तिच्या जागी निर्यातशुल्क आले; त्यातले उरलेले २० टक्के १ एप्रिल २०२५ रोजी गेले. मधल्या काळात गिऱ्हाईक दुसरे दुकान शोधायला शिकले. शेजाऱ्याला वठणीवर आणण्याचे हत्यार म्हणून कांदा कुचकामी आहे; त्याचा पहिला वार आपल्याच उत्पादकावर होतो आणि दुसरा भारताच्या शब्दावर.