सोडियम-आयन विद्युत् घटमाला

विजेची ऊर्जा रासायनिक रूपात साठविणारी, ती विजेच्या रूपात परत देणारी व पुनःपुन्हा विद्युत् भारित करता येणारी घटमाला. तिच्यातील विद्युत् भाराचे वहन सोडियमाचे आयन (विद्युत् भारित अणू) करतात. विजेवरील वाहने तसेच सौर व पवन ऊर्जेची साठवण यांसाठी लिथियम-आयन घटमालेला पर्याय म्हणून तिचा विचार होतो.

रचना व कार्य : घटात धन व ऋण अशी दोन विद्युत् अग्रे, त्यांमधील सच्छिद्र पटल आणि सोडियमाचे लवण विरघळविलेला कार्बनी द्रव (विद्युत् विच्छेद्य) असतात. घट भारित होताना आयन धन अग्राकडून ऋण अग्राकडे जातात. घटातून वीज घेताना ते परत येतात व इलेक्ट्रॉन बाहेरील मंडलातून वाहतात. धन अग्रासाठी स्तरित धातवीय ऑक्साइडे, प्रशियन ब्ल्यूसारखी संयुगे किंवा फॉस्फेटे वापरतात. लिथियम-आयन घटातील ग्रॅफाइटाच्या स्तरांत सोडियम पुरेशा प्रमाणात सामावत नाही. म्हणून ऋण अग्र कठीण कार्बनाचे करतात. अशा कार्बनात सोडियम साठविता येते, हे डी. ए. स्टीव्हन्झ व जे. आर. डान यांनी २००० साली दाखविले.

लिथियमाशी तुलना : भूकवचात सोडियमाचे प्रमाण सु. २·५%, तर लिथियमाचे सु. ०·००२% आहे. सोडियम मिठापासून मिळते, त्यामुळे त्यासाठी मोजक्या देशांवर अवलंबून राहावे लागत नाही. सोडियम ॲल्युमिनियमाबरोबर मिश्रधातू बनवीत नसल्याने ऋण अग्राला तांब्याऐवजी स्वस्त ॲल्युमिनियमाचे वर्ख चालतात. लिथियम-आयन घट अति-रिकामा झाल्यास तांबे विरघळू लागते. येथे ती अडचण नसल्याने घट शून्य व्होल्टपर्यंत रिकामे करून वाहून नेता येतात.

याउलट सोडियमाचा अणुभार २२·९९ (लिथियमाचा ६·९४) व प्रमाण विद्युत् अग्र वर्चस् -२·७१ व्होल्ट (लिथियमाचे -३·०४) असल्याने समान वजनात कमी ऊर्जा साठते. उदा., स्कूटरला ३ किलोवॉट-तास ऊर्जा हवी असल्यास प्रति किग्रॅ. १५० वॉट-तास क्षमतेचे घट २० किग्रॅ., तर १२० वॉट-तास क्षमतेचे २५ किग्रॅ. लागतात. एका जागी बसविलेल्या साठवण केंद्रात मात्र वजनाला फारसे महत्त्व नसते. किंमतीचा लाभही स्थिर नाही. लिथियम कार्बोनेटाचे भाव २०२२ मध्ये अत्युच्च पातळीवर होते. पुढील दोन वर्षांत ते कोसळल्याने हा लाभ बराच घटला.

सुरक्षितता : एप्रिल २०२२ मध्ये नाशिक येथे कंटेनरमधून नेण्यात येत असलेल्या विजेवरील ४० स्कूटरांपैकी २० स्कूटर आगीत सापडल्या. त्या वर्षी देशात अशा अनेक घटना घडल्यानंतर केंद्र शासनाने वाहनांच्या घटमालांच्या चाचण्यांचे नियम अधिक कडक केले. ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. नाशिकमधील इंदिरानगरसारख्या निवासी वसाहतींत वाहने इमारतीखालील वाहनतळावरच भारित केली जातात, त्यामुळे घटमालेच्या निवडीचा संबंध थेट रहिवाशांच्या सुरक्षिततेशी येतो. सोडियम-आयन घटातील उष्णतेची अनियंत्रित वाढ पुष्कळदा सौम्य असते. तथापि त्यातील विद्युत् विच्छेद्यही ज्वालाग्राही असल्याने तो ‘आग न लागणारा’ मानणे चूक आहे. योग्य भारक, तापमानावर देखरेख ठेवणारी मंडले व हवेशीर जागा यांची गरज दोन्ही प्रकारांत सारखीच असते.

महाराष्ट्रातील संशोधन : पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेली सोडियम-आयन तंत्रविद्या पुण्यातीलच केपीआयटी टेक्नॉलॉजीज या कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सादर केली. कंपनीने जाहीर केल्याप्रमाणे तिच्या विविध घटांची क्षमता प्रति किग्रॅ. १०० ते १७० वॉट-तास असून ३,००० ते ६,००० आवर्तनांनंतरही ८०% क्षमता शिल्लक राहते. दुचाकी, तीनचाकी व स्थिर साठवण यांसाठी हे घट उपयुक्त ठरू शकतात. लांब पल्ल्याच्या मोटारगाड्यांत मात्र कमी वजनामुळे लिथियम-आयन घटमालाच अधिक सोयीची ठरते.